बेडकांमागे हिंडणाऱ्या पुतण्यास

चि. बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

आपला गडी काल कचेरीच्या कामासाठी तालुक्यास आला होता. पहिला पाऊस पडल्यापासून तू मध्यरात्री कंदील घेऊन खाचरांच्या बांधांवरून अनवाणी हिंडतोस, असे त्याच्या तोंडून कळले. जेथे बेडूक, तेथे त्यांच्यावर टपलेले जनावर असावयाचेच. आणि आपल्या घरात कोणास पान लागले होते, हे मी तुला नव्याने सांगावे काय?

गळ्याचे फुगे हेच बेडकाचे वाद्य, असे तू मागील पत्री लिहिलेस, ते तितकेसे खरे नव्हे. तोंड व नाकपुड्या मिटून नर धडाच्या स्नायूंनी फुप्फुसांतील हवा स्वरयंत्रातून लोटतो, ध्वनी तेथील स्वररज्जूंवर उपजतो, आणि मग ती हवा जिभेच्या दोहों बाजूंच्या फटींतून पिशव्यांत शिरते. जबड्याखालचा जो पातळ आडवा स्नायू तुम्ही विद्यार्थी विच्छेदनात घाईने फाडून टाकता, त्याच्या व ताणलेल्या कातडीच्या जोराने ती परत फुप्फुसांत जाते, म्हणून प्रत्येक हाकेस नवा श्वास लागत नाही. पिशवीचे काम तो नाद बाहेर पसरविण्याचे. मादीस ती नसते. आपल्या मोठ्या बेडकाचा नर या दिवसांत पिवळाजर्द होतो व गळ्याच्या दोन्ही अंगांस निळे फुगे फुगवितो. पहिल्या जोराच्या सरींनंतर हे सारे भर दिवसाही चालते. मग रात्रीचाच हट्ट का? जनावर कंदिलास भीत नाही.

हे पांडित्य ज्या पुस्तकातले, ते मी मुंबईस विज्ञान शिकावयाचे म्हणून घेतले होते. वडिलांच्या शब्दाखातर बारनिशीच्या मेजाशी बसलो, आणि अजूनही पावसाळ्यात आवक-जावक नोंदविताना माझे कान खिडकीबाहेर लागलेले असतात. तुझ्या वेडास नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे.

रागाने लिहिले ते मनास लावून घेऊ नकोस. मनिऑर्डर केली आहे, तिच्यातून गुडघ्यापर्यंतचे गमबूट घे. रात्री गेलासच, तर गड्यास सोबत ने, काठी आपटीत चाल, आणि परतल्यावर दोन ओळींचे कार्ड टाक. वही भरली की मजकडे पाठव. आकृत्यांवर शाई मी फिरवीन. तुझे अक्षर फार बारीक, म्हणून चष्मा नवा करून घेतला आहे.

तुझा,
काका