चाळ फोडता येत नाही, वाडी फोडता येते

प्रभागरचनेचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी साधारण दोन आठवडे मिळतात. मुंबई महापालिकेचा २०२५ चा मसुदा २२ ऑगस्टला आला आणि हरकतींची मुदत ४ सप्टेंबरला संपली. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबाग-परळमध्ये राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. ज्या दिवसांत आमच्याकडे घरचं माणूस घरात सापडत नाही, मंडळाची पोरं उभ्या उभ्या जेवतात, त्याच दिवसांत आम्ही बसून, विचार करून, लेखी आणि सकारण सांगायचं होतं की वाडीतून गेलेली रेषा आम्हाला का मान्य नाही. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात निवडणुका घ्यायला सांगितल्यावर वेळापत्रक जसं बसलं तसं बसलं असेल. पण तेव्हापासून आजूबाजूच्या मंडळांना मी एकच सांगते, हद्दीचा कागद मसुदा येण्याआधी तयार ठेवा.

मी आमच्या रहिवासी संघाची चिटणीस. आमची वाडी म्हणजे मोजक्या इमारती, मधून एक गल्ली, सामाईक चौक, एक पाण्याची टाकी आणि एक गणपती. प्रभागाची हद्द त्या गल्लीतून जाते. गल्लीच्या उजवीकडचे एका नगरसेवकाचे, डावीकडचे दुसऱ्याचे. याने बिघडतं काय, असं तरुण मुलं विचारतात. बिघडतं ते असं की एका वर्षी पेव्हर ब्लॉक गल्लीच्या निम्म्या रुंदीपर्यंत आले आणि थांबले. पावसाळ्यात गटार तुंबलं की एक प्रतिनिधी म्हणतो, "काकू, ते तोंड पलीकडच्या हद्दीत येतं," आणि पलीकडचा म्हणतो, "पाणी तर अलीकडून येतंय ना." दोघेही खोटं बोलत नव्हते. मतदानाची केंद्रंही वेगळी, त्यामुळे एकाच जिन्याखाली गप्पा मारणाऱ्या बायका मतदानाच्या दिवशी दोन दिशांना जातात. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. त्या काळात गल्लीच्या दोन्ही बाजू सारख्याच पोरक्या होत्या. वाडीत त्या काळाइतकी एकी मी नंतर पाहिलेली नाही.

हरकत घ्यायला निघालेल्यांनी आधी एक नीट समजून घ्यायला हवं. आपल्या घरावरून एक नाही, चार रेषा जातात : पालिकेचा प्रभाग, पालिकेचं विभाग कार्यालय, विधानसभा आणि लोकसभा. या चारही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांनी आखलेल्या असतात आणि एकीवरची तक्रार दुसरीच्या टेबलावर चालत नाही. नायगावचंच बघा. नायगाव आणि परळ, दोघांचं विभाग कार्यालय एकच, एफ दक्षिण. पण विधानसभेला नायगाव वडाळ्यात आणि परळ शिवडीत. लोकसभेला नायगाव दक्षिण मध्य मुंबईत, परळ दक्षिण मुंबईत. म्हणजे नायगावात, चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या माझ्या नणंदेचा आमदार वेगळा आणि खासदारही वेगळा. ती अणुशक्तीनगर-चेंबूरकरांबरोबर खासदार निवडते, मी कुलाबा-मलबार हिलवाल्यांबरोबर. दादरचे तर रुळांवरून दोन भाग झाले, पश्चिमेचं दादर माहीम मतदारसंघात आणि पूर्वेची हिंदू कॉलनी वडाळ्यात. बीडीडी चाळींचा प्रश्न एक, पण वरळीच्या १२१ आणि ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ चाळी वरळी मतदारसंघात, नायगावच्या ४२ वडाळ्यात आणि शिवडीच्या १२ शिवडीत. पुनर्विकासाच्या बैठकीला आमदार आले की नाही हे विचारताना आधी 'कुठले' ते विचारावं लागतं.

हे असं नेहमीच नव्हतं. २००८ पर्यंत मुंबई शहर जिल्ह्यात विधानसभेचे १७ मतदारसंघ होते. परळ होता, दादर होता, नायगाव होता, चिंचपोकळी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस होते. १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंच्या खुनानंतर पोटनिवडणूक झाली आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले, ती निवडणूक परळची. मनोहर जोशी मुख्यमंत्री होते तेव्हा ते दादरचे आमदार होते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून नव्या रेषा आखल्या. त्या २००८ मध्ये लागू झाल्या आणि शहराच्या १७ जागांच्या १० राहिल्या. उपनगरच्या १७ च्या २६ झाल्या. परळ, दादर, नायगाव ही नावं मतदारसंघांच्या यादीतून गेली आणि गिरगावकर आपला आमदार शोधताना मलबार हिलचं नाव वाचू लागले. दक्षिण मध्य मुंबईतून पाच वेळा खासदार झालेले मोहन रावले २००९ ला दक्षिण मुंबईतून उभे राहिले आणि पडले. मतदार तेच, पण त्यांच्या भोवतीचं कुंपण हललं होतं.

'मराठी माणसाचा मतदारसंघ मोडला' असं तेव्हा चाळीचाळीत बोललं गेलं. आजही बोललं जातं. मी हे वाक्य ऐकते तेव्हा आमच्या मजल्यावरची बंद दारं मोजते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, मुलांची लग्नं झाली, खोली पुरेना, तेव्हा आम्हीच डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, विरारला गेलो. शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ३३ लाख ३८ हजार होती, २०११ ला ३० लाख ८५ हजार. त्याच दहा वर्षांत उपनगर ८६ लाखांवरून साडेत्र्याण्णव लाखांवर गेलं. जागा माणसांच्या मागे जातात. गणपतीला आमच्या गल्लीत जेवढी माणसं दिसतात तेवढी जनगणनेला दिसत नाहीत, कारण दर्शनाला येणारे निम्मे विरारला मोजले गेलेले असतात. पालिकेतही तेच झालं. २०१७ च्या रचनेत शहरातले प्रभाग ६३ वरून ५६ वर आले. हे कुणा एका पक्षाच्या डोक्यातून निघालं असेल-नसेल, पण आकडे खोटे नव्हते. हरकत लिहिणाऱ्याने हे स्वतःशी कबूल करून मग पेन उचलावं.

आता हरकतीकडे येते. पालिकेच्या प्रभागावरची हरकत ही अशी जागा आहे जिथे सामान्य माणसाला सहज समोरासमोर बोलता येतं, म्हणून तिच्यावर वेळ घालवावा. विधानसभा-लोकसभेच्या वेळी आयोग प्रस्ताव राजपत्रात छापतो, जाहीर बैठका घेतो. आयोगासोबत राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मत नसतं. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचं बळ असतं आणि घटनेच्या ३२९ व्या कलमाने न्यायालयाचं दार जवळजवळ बंद होतं. तिथे जे करायचं ते प्रस्तावाच्या टप्प्यावरच.

२०२५ च्या सुनावणीला आमच्या आधी शेजारच्या भागातले एक गृहस्थ होते. भरपूर सह्या, मंडळाचं लेटरहेड, आणि भाषण तयार. "साहेब, आमच्या पन्नास वर्षांच्या विभागाचे दोन तुकडे केलेत, हा अन्याय आहे." समोरून शांतपणे विचारलं गेलं, "तुमची पर्यायी हद्द काय?" गृहस्थ गप्प. मग ते आरक्षणावर बोलू लागले, ते तर त्या सुनावणीचा विषयच नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चहा अजून गरम होता.

रेषा कशी पडते ते कळलं की काय लिहायचं ते कळतं. सुरुवात शहराच्या उत्तर टोकापासून होते. म्हणून प्रभाग क्रमांक १ दहिसरला आणि २२७ कुलाब्याला. जनगणनेसाठी पाडलेले घरांचे छोटे गट, म्हणजे प्रगणक गट, जोडत जोडत प्रभाग बनतो. २०११ ची १ कोटी २४ लाख लोकसंख्या २२७ ने भागली की सरासरी ५५ हजारांच्या आसपास येते, आणि त्यात दहा टक्के वर-खाली चालतं. हद्द शक्यतो मोठे रस्ते, नाले, रेल्वेमार्ग धरून जावी, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो विभागू नयेत, आणि एक इमारत किंवा एक चाळ दोन प्रभागांत जाऊ नये, असे नियम आहेत. नियमात 'वाडी' मात्र कुठे नाही. म्हणून आमची एकही इमारत न फोडता आमची वाडी फोडता आली, नियमाला धक्का न लावता.

तेव्हा अर्जात 'आमची संस्कृती', 'आमचा इतिहास' यांना एक वाक्य पुरे. बाकी जागा आकड्यांना द्यायची. मसुद्यातला प्रभाग क्रमांक, त्याची चतुःसीमा जशी छापली आहे तशी, आपल्या इमारती कोणत्या प्रगणक गटात येतात ते, तिथली लोकसंख्या किती, तो गट शेजारच्या प्रभागात टाकला तर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होते, आणि दहा टक्क्यांची मर्यादा मोडत असेल तर बदल्यात कोणता गट तिकडे द्यायचा. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण आपली वाडी जोडायला दुसऱ्या कुणाची तरी तोडावी लागते. त्या लोकांशी आधी बोला. आम्ही पलीकडच्या सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो तेव्हा ते हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही आम्हाला सोडवताय की विकताय?" पण ऐकून घेतलं आणि त्यांची नाहरकत मिळाली. ती अर्जाला जोडली.

आणखी एक. २०२५ ची रचनाही २०११ च्याच आकड्यांवर झाली. आमच्या पट्ट्यात त्या चौदा वर्षांत चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले, लोक भाड्याच्या खोल्यांत विखुरले. कागदावरच्या गटात मात्र पडलेली चाळ अजून उभी असते. प्रत्यक्ष जागेवर जाऊन, गटाच्या वर्णनातली खूण आज आहे का ते बघून या. आमच्या गल्लीच्या टोकाची एक गिरणीची भिंत केव्हाच गेली होती आणि तिच्या जागी रस्ता झाला होता. त्या रस्त्यावरून हद्द न्या, असं आम्ही मांडलं आणि फोटो जोडले.

मांडणी ऐकून घेतली गेली, प्रश्न विचारले गेले, नोंद झाली. अंतिम रचना आली तेव्हा रेषा होती तिथेच होती. कारण आम्हाला कळवलं गेलं नाही. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. २०२२ ला तर याहून वाईट झालं होतं. तेव्हा २३६ प्रभागांचा मसुदा १ फेब्रुवारीला आला, १४ फेब्रुवारीपर्यंत हरकती गेल्या, सुनावण्या झाल्या, आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने संख्या परत २२७ वर नेली. ती सगळी मेहनत रद्दीत. आम्ही तरीही फाईल फेकली नव्हती आणि २०२५ ला निम्मं काम तीच फाईल उघडून झालं. पोच घेतलेली प्रत, नकाशा, गटांचे आकडे, फोटो, सगळं एका जागी ठेवा आणि ते कुणा एकाच्या कपाटात ठेवू नका, चिटणीस बदलतात.

रेषा हलली नाही तर काय, याचं आमचं उत्तर साधं आहे. गल्लीच्या दोन्ही बाजूंचा संघ एकच ठेवला आहे. नोंदणी एक, बैठक एक. कामाचं पत्र दोन्ही नगरसेवकांना एकाच कागदावर जातं, दोघांची नावं वर, आणि खाली 'प्रत माहितीसाठी' विभाग कार्यालयाला. आता 'ते पलीकडचं' म्हणायला जागा राहत नाही, कारण पलीकडच्याच्या हातातही तोच कागद असतो. गटाराचं काम त्याच पत्राने झालं. पेव्हर ब्लॉक अजून निम्म्यावरच आहेत. निवडणुकीच्या आधी मतदार यादीचा मसुदा येतो तेव्हा दोन्ही बाजूंची यादी एकत्र बसून वाचतो. एका बाजूचे मतदार भलत्याच प्रभागात गेलेले आम्हाला यादीत सापडले आणि मुदतीत अर्ज गेला म्हणून ते परत आले.

आता पुढची रेषा मोठी आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती, आणि त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. ज्यांची चाळ पुनर्विकासाला गेली आहे आणि जे भाड्याने दुसरीकडे राहतात, ते जिथे राहतात तिथेच मोजले जातील, हे खरंच आहे, आणि ते चुकवायच्या भानगडीत कुणी पडू नये. पण जे इथे राहतात ते सगळे मोजले जावेत, हे तर आपल्या हातात आहे. पोटमाळ्यावरचा भाचा, रात्रपाळीचा भाडेकरू, गावाहून शिकायला आलेली मुलगी, खोलीत एकटी असलेली आणि दार न उघडणारी म्हातारी. प्रगणक आमच्याकडे येतील तेव्हा मजल्यामजल्यावर कोण सोबत जाणार, ती यादी संघाच्या फळ्यावर लागलेली आहे. तिसऱ्या मजल्यासाठी अजून कुणी नाव दिलेलं नाही.