पहिल्याचा हात कोण धरील?

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१४; ३५:१६-२०; १ शमुवेल १:२१-२८; २:१८-२१



घरात दुसऱ्या बाळाची चाहूल लागली की सगळे बोलणे येणाऱ्या बाळाचे होते. मंडळीतही त्या बहिणीची सुखरूप सुटका व्हावी म्हणून आपण प्रार्थना करतो, आणि ते योग्यच आहे. पण तिचा पदर धरून उभे असलेले दीड-दोन वर्षांचे पहिले मूल त्या प्रार्थनेत क्वचितच असते. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आईची सुटका सुखरूप होणार की नाही, हे पुष्कळदा एकाच प्रश्नावर अडते : पहिल्याला कोण सांभाळील? म्हणून या अंकातील पाठ त्या मुलाविषयी आहे.

१. लेकरांच्या चालीने

वीस वर्षांनी भेटलेला एसाव याकोबाला म्हणतो, चल, आपण बरोबरच निघू. त्याच्याबरोबर चारशे माणसे आहेत, त्यांची चाल झपाट्याची आहे. याकोब नम्रपणे नकार देतो. लेकरे कोवळी आहेत, कळपात दूध पाजणारी जनावरे आहेत, एक दिवस जरी जास्त दामटले तरी कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी यांच्या चालीने सावकाश येतो, असे तो सांगतो. याकोबाच्या मनात भावाची भीतीही असेल. तरी त्याने सांगितलेले कारण खरे होते.

आता आपल्या डोंगरात या. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरे एका ठिकाणी नसतात, जो तो आपल्या शेतात राहतो. सडकेपर्यंत यायचे म्हणजे उतार-चढाव पायी तुडवायचा. सात महिन्यांची गरोदर बाई, कडेवर मूल, आणि नर्सताईंनी दिलेली तपासणीची तारीख. ती आली नाही की आपण म्हणतो, "या लोकांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत." हे एसावाच्या चालीने चालणाऱ्याचे बोलणे झाले. याकोब आधी विचारील, कडेवरचे मूल घेऊन ती किती चालू शकेल?

गेल्या हिवाळ्यात एका पाड्यावरच्या बहिणीला आठवा महिना होता. रक्त कमी होते, म्हणून तिने दवाखान्यात आठवडाभर आधी येऊन राहावे असे ठरले. ती "हो" म्हणाली आणि आली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा कळले की नवरा गुजरातेत ऊसतोडीला, सासूला डोळ्यांनी दिसत नाही, आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा आईवाचून कोणाच्या हातून जेवत नाही. तिला दवाखान्याची भीती नव्हती. मुलगा उपाशी राहील ही भीती होती. मग तिची जाऊबाई रोज दुपारी येऊन मुलाला स्वतःच्या हाताने भरवू लागली. दहा-बारा दिवसांत मुलगा तिच्याकडे रुळला, आणि आई स्वतः होऊन निघाली. तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

२. राहेलची वाट

"पहिलं अवघड, दुसरं आपसूक होतं," असे शहरात काय नि पाड्यावर काय, सगळीकडे म्हणतात. राहेलची गोष्ट याच्या उलट आहे. योसेफ तिचा पहिला. दुसऱ्याच्या वेळी ती प्रवासात होती. एफ्राथ थोड्याच अंतरावर राहिले असता तिला कळा सुरू झाल्या. सुईण जवळ होती, धीर देत होती, तरी राहेल गेली. बाळ जगले. आईने जाता जाता त्याला बेनओनी म्हटले, बापाने बन्यामीन नाव दिले. योसेफ मात्र आईवाचून राहिला.

दुसरे बाळंतपण पुष्कळदा लवकर उरकते हे खरे आहे. म्हणूनच कळा सुरू झाल्यावर निघायचे ठरवले तर वाटेतच प्रसूती होण्याचा धोका जास्त. अंगात रक्त कमी असेल तर प्रसूतीनंतरचा रक्तस्राव जिवावर बेततो. आणि पहिले मूल लहान असतानाच दुसऱ्यांदा दिवस गेले, तर आईच्या शरीराची झीज भरून निघालेली नसते. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान २४ महिने जावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हा विषय मंडळीत बोलायला आपण संकोचतो. तो नवरा-बायको दोघांशी आणि सासूशीही बोलला पाहिजे.

राहेलच्या वाटेवर नव्हती अशी एक सोय आज आहे. आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत सरकारने 'माहेरघर' केले आहे. प्रसूतीच्या काही दिवस आधी आईने तिथे येऊन राहावे, आणि येताना लहान मूल व एक नातेवाईक बरोबर आणावा, अशी ती योजना आहे. मूल मागे टाकून आई येणार नाही हे या योजनेने आधीच ओळखले आहे. आपल्या जवळच्या केंद्रात माहेरघर आहे का, हे प्रत्येक मंडळीला माहीत असावे.

३. हन्नाचा झगा

शमुवेल अंगावर पीत होता तोवर हन्ना वार्षिक यज्ञासाठी शिलोला गेली नाही. दूध तुटले की मी त्याला घेऊन येईन, असे तिने नवऱ्याला सांगितले, आणि एलकानाने तिचे ऐकले. लेकराचे दूध तुटण्याआधी उपासनेलाही घाई नव्हती.

पाड्यांवर मात्र पुन्हा दिवस गेले की दूध एका दिवसात तोडतात. गरोदरपणी आईचे दूध बिघडते अशी समजूत आहे. ती खरी नाही. आईची प्रकृती ठीक असेल तर नर्सताई-डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजणे चालू ठेवता येते. दूध तोडायचेच असेल तर हळूहळू तोडावे, आणि त्याच्या जागी डाळ, अंडे, तेल घातलेली मऊ भाकरी असे अन्न दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. नुसत्या पेजेवर राहिलेले मूल अंगावर सुजते. या आजाराला आपल्याकडे सुजवटी म्हणतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, या आजाराचे वर्णन केले. तिथल्या गा भाषेतील 'क्वाशिओरकोर' हे नाव त्यांनी जगाला दिले. त्याचा अर्थच असा की, दुसरे बाळ आल्यावर पहिल्याला होणारा आजार. तिथल्या आयांना तो आधीपासून ठाऊक होता.

हन्नाला पुढे तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. तरी दरवर्षी ती शमुवेलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. वाढत्या मुलाचे माप दरवर्षी बदलते. घरात पाच लेकरे असताना पहिल्याचे माप तिच्या ध्यानात होते. आपल्याकडे हेच काम अंगणवाडीची पट्टी करते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित आहे, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. घरी दुसरे बाळ आले की पहिल्याचे हे माप चुकू देऊ नका.

आपण काय करावे?

• प्रार्थनेच्या यादीत आईच्या नावाशेजारी पहिल्या मुलाचेही नाव लिहा.
• सातव्या महिन्यापासून मंडळीतील दोन बहिणींनी त्या मुलाला रोज थोडा वेळ जवळ घ्यावे. ऐन वेळी परक्याकडे मूल राहत नाही.
• दिवाळीनंतर कामाला जाणाऱ्या भावाला बायकोची तारीख पाठ हवी, आणि परतीचे भाडे वेगळे बांधून ठेवलेले हवे.
• अमृत आहार योजनेत २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. आई रोज तिथे पोहोचते का, ते पाहा.
• शहरातील देणगीदारांनी बाळंतविडा पाठवताना त्यात पहिल्या मुलाच्या मापाचाही एक सदरा ठेवावा. आईबरोबर राहणाऱ्या मावशीची किंवा आजीची बुडणारी मजुरी दिली तर त्याहून उत्तम.

मनन व चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीची चाल एसावाची आहे की याकोबाची?
२. एलकानाने हन्नाचे ऐकले. आपल्या घरात गरोदर स्त्रीचे कोण ऐकते?
३. या महिन्यात आपल्या ओळखीत कोणाच्या घरी दुसरे बाळ येणार आहे? तिचे पहिले मूल आत्ता कोणाजवळ आहे?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, कोकरांना उराशी धरणारा आणि पाजणाऱ्यांना सांभाळून नेणारा मेंढपाळ तू आहेस. डोंगरात दिवस मोजणाऱ्या आमच्या बहिणींना बळ दे. येणाऱ्या बाळाला सुखरूप आण. त्यांच्या पदराशी उभ्या असलेल्या लेकराचा हात धरायला आम्हांला उठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.