आधी मूळपदावर, मग सुधारणा

जुनी स्पोर्ट्स गाडी पदरी बाळगणाऱ्या मनुष्याच्या मनात तिला अधिक वेगवान, अधिक चपळ व वळणावर अधिक स्थिर करण्याची जी आकांक्षा उत्पन्न होते ती सर्वस्वी स्वाभाविक आहे. परंतु त्या आकांक्षेच्या पूर्तीसाठी जो क्रम पुष्कळ ठिकाणी अवलंबिला जातो तो उलटा असतो, आणि त्या उलट्या क्रमाने गाडीची, पैशाची व प्रसंगी जिवाचीही जी हानी होऊ शकते ती मी फार जवळून पाहिली असल्यामुळे, ज्यांच्या हाती अशी गाडी नुकतीच आली आहे किंवा येऊ घातली आहे त्यांच्यासाठी हा मजकूर लिहीत आहे.

माझी गाडी म्हणजे 1972 सालची एम.जी.बी. ही गाडी 1962 पासून 1980 पर्यंत ऑक्सफर्डपासून जवळच असलेल्या अ‍ॅबिंग्डन गावी तयार होत असे, आणि तिच्या सर्व प्रकारांची एकत्रित संख्या पाच लाखांच्या पुढे जाते. सिड एनेव्हर या अभियंत्याने तिची रचना केली. तिच्या पोटातले 1798 सी.सी.चे इंजिन बी-सिरीज या घराण्यातले आहे, आणि आपल्याकडच्या अँबॅसिडरला अनेक वर्षे जे 1489 सी.सी.चे पेट्रोल इंजिन होते ते त्याच घराण्यातले धाकटे भावंड असल्यामुळे, इंग्लंडात राहून या इंजिनाचे हेड प्रथम उघडले तेव्हा लहानपणी आमच्या आळीतल्या मिस्त्रींच्या हाताखाली पाहिलेले झडपांचे, पुशरॉडचे व टॅपेटचे सारे दृश्य मला अनोळखी वाटले नाही.

गाडी घेतली तेव्हा तिच्यासोबत पावत्यांचे एक जाडजूड बाड मिळाले. आधीच्या मालकांनी एका कारखान्याकडून तिच्यावर पुष्कळ खर्च करविला होता, आणि त्या बाडात पुढच्या चाकांना नव्या धर्तीचे नळीचे शॉकअब्सॉर्बर, गाडी खाली बसविणाऱ्या आखूड स्प्रिंगा, जाड अँटिरोल बार, पॉलियुरेथेनचे कडक बुश, वेगवान चालीचा कॅमशाफ्ट आणि उघडे एअर फिल्टर, अशा एकेका वस्तूची रीतसर नोंद होती. त्यात काय आहे याहून काय नाही इकडे माझे लक्ष अधिक लागले. किंगपिनसंबंधी एक अक्षर नव्हते. मूळच्या शॉकअब्सॉर्बरच्या दुरुस्तीचा उल्लेख नव्हता. टायर किती जुने आहेत याचा दाखला नव्हता. आणि नवा कॅमशाफ्ट बसविल्यावर कोणते तेल घातले याविषयी तर संपूर्ण मौन होते. गाडीची किंमत ठरविताना मी हे सारे मोजून धरले होते. परंतु प्रत्यक्ष स्थिती माझ्या अंदाजाहूनही वाईट निघाली.

बर्फर्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दीर्घ वळणात, डांबराला किंचित उंचवटा होता तेथे, गाडीचे तोंड अकस्मात बाहेरच्या अंगाला सरकले आणि स्टिअरिंग सोडल्यासारखे हलके लागले. वेग बेताचा होता व समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. तेथून ताशी तीस मैलांच्या वर काटा जाऊ न देता मी घरी आलो, आणि जोवर कारण हाती लागत नाही तोवर ती रस्त्यावर काढावयाची नाही असा निश्चय केला.

येथे पहिली परीक्षा सांगतो, कारण तिला पैसा लागत नाही व ती पाच मिनिटांत होते. स्प्रिंगेच्या खालच्या थाळीखाली जॅक लावून पुढचे चाक जमिनीपासून उचलावे, गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी, चाकाला वर व खाली असे दोन हातांनी धरावे आणि आतबाहेर हलवून पाहावे. खडखड लागली तर आत बसलेल्या मनुष्यास ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली तर ढिलाई चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही ती कायम राहिली तर किंगपिन किंवा तिचे वरचे-खालचे सांधे झिजले आहेत असे समजावे. माझ्या गाडीत पत्नीने ब्रेक दाबून धरला असताही डाव्या चाकाचा वरचा काठ डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका हलत होता.

किंगपिन उतरविली तेव्हा कारण हातात आले. या गाडीत पुढच्या प्रत्येक बाजूस ग्रीससाठी तीन निपले असतात, आणि दर तीन हजार मैलांनी त्यांत ग्रीस भरावे असे मालकास दिलेल्या पुस्तिकेत स्पष्ट फर्मान आहे. परंतु सस्पेन्शनचे सगळे भाग देखणे दिसावेत म्हणून कोणीतरी त्यांवर काळ्या रंगाचा दाट थर चढविला होता. त्या थराखाली तिन्ही निपलांची तोंडे बुजली होती, आणि आतल्या जुन्या ग्रीसचा वाळून तपकिरी चुरा झाला होता. बोट फिरविले की तो गंजासारखा झडे. त्या कोरड्या पिनेवर, तिला एका ग्रीसच्या डब्याइतकीही किंमत न देता, शेकडो पौंडांच्या नव्या वस्तू टांगल्या होत्या.

त्याहून गंभीर दोष वरच्या बाजूस होता. एम.जी.बी.च्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये मूळचा शॉकअब्सॉर्बर हा लिव्हरचा असतो, आणि त्याच्या दोन भुजा हाच चाकाचा वरचा दुवा असतो. म्हणजे धक्का शोषण्याचे व चाकास सरळ उभे धरण्याचे अशी दोन्ही कामे त्या एकाच वस्तूकडे असतात. नळीचा शॉकअब्सॉर्बर लावण्याच्या पुष्कळशा योजनांत ही जुनी वस्तू निव्वळ दुवा म्हणून जागेवर ठेवतात व तिच्यातली झडप निकामी करतात. तसेच येथे केले होते. परंतु जिच्यावर चाकाचा कोन अवलंबून, त्या जुन्या वस्तूचा दांडा तिच्या बेअरिंगमध्ये सैल झालेला तसाच सोडून दिला होता. नवा चकचकीत शॉकअब्सॉर्बर आपले काम चोख करीत होता, आणि त्याच्या शेजारी चाकाचा वरचा आधार मात्र प्रत्येक खड्ड्यात जागा बदलीत होता. आखूड स्प्रिंगांमुळे चाकाला वर सरकण्यास अंतर आधीच कमी उरलेले, त्यात जाड बार आणि कडक बुश. म्हणून जो हिसका मूळच्या मऊ सस्पेन्शनने गिळला असता तो सरळ टायरवर आला. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक, म्हणजे निर्मितीचा आठवडा व वर्ष, वाचून पाहता ते रबर इतके जुने निघाले की त्याने पकड धरली नाही याचे नवल वाटू नये.

म्हणून माझे पहिले व मुख्य सांगणे हे की, गाडी प्रथम मूळपदावर आणावी. किंगपिन, सांधे, बेअरिंगे, शॉकअब्सॉर्बर, मागचे कमानपाटे व त्यांचे यू-बोल्ट, आणि टायर या सर्वांची खातरजमा झाल्यावर ती मूळ अवस्थेत निदान एक ऋतू चालवावी. मूळची एम.जी.बी. नीट देखभालीत असली म्हणजे किती शहाणी व गोड चालते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तिच्यात कोणती सुधारणा हवी हे ठरवावे तरी कशाच्या आधारावर?

ग्रीस भरताना चाकावरचा भार काढावा, म्हणजे ते पिनेच्या भोवती सर्वत्र पोचते. जुने घाणेरडे ग्रीस बाहेर पडून नवे स्वच्छ दिसू लागेपर्यंत बंदूक थांबवू नये. कडक बुशांऐवजी मी त्याच गाडीच्या व्ही-8 प्रकारात, म्हणजे 1973 ते 1976 च्या दरम्यानच्या नमुन्यात, वापरले जाणारे धातूला चिकटविलेले रबरी बुश खालच्या विशबोनमध्ये बसविले, आणि ते मला या गाडीसाठी सर्वांत समंजस वाटतात. त्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवरच, शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ पडतो, तो पीळ कायम राहतो, आणि नवे बुश अल्पावधीत फाटतात. कारखान्यांतून होणारी ही हयगय मी वारंवार पाहिली आहे. पुढचा अँटिरोल बार अवाजवी जाड केला तर वळणात गाडीचे तोंड बाहेर जाण्याची प्रवृत्ती वाढते, हेही ध्यानात असू द्यावे.

मागच्या कमानपाट्यांचे टोक जेथे शरीराला जोडलेले असते तेथील पत्रा आणि दारांखालची पोकळ तुळई हाच या गाडीचा कणा होय, कारण हिला वेगळी चॅसी नाही. गाडी बाजूने जॅकवर घेतली असता दाराची फट बदलत असेल, दार घासू लागत असेल, तर सस्पेन्शनचा विचार तूर्त बाजूस ठेवून प्रथम वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे जावे.

इंजिनाची कैफियत याहून निराळी नव्हती. एअर फिल्टर उघडे बसविल्याने हवा अधिक जाऊ लागते, आणि एस.यू. कार्ब्युरेटरमधील सुई त्या मानाने बदलली नाही तर मिश्रण पातळ पडते; चारही प्लगांची टोके राखेसारखी पांढरी निघाली, तेव्हाच सुया मूळच्याच आहेत हे कळले. कार्ब्युरेटरच्या दट्ट्याखालची छोटी पिन हलकेच दाबून दट्ट्या मिलिमीटरभर उचलावा: इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर मिश्रण जाड आहे, इंजिन बंद पडू लागले तर पातळ आहे, आणि गती क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर योग्य आहे.

टॅपेट लावण्याची एक सोपी खूण आहे, आणि ती अँबॅसिडरलाही लागू पडते. ज्या झडपेची मोकळीक लावावयाची तिचा क्रमांक नवातून वजा करावा, जो येईल त्या क्रमांकाची झडप पूर्ण उघडी असताना ही लावावी. पहिलीसाठी आठवी, तिसरीसाठी सहावी. माझ्या गाडीच्या मूळ कॅमशाफ्टसाठी थंड इंजिनावर ती 0.015 इंच ठेवावी. बाहेरचा कॅमशाफ्ट असेल तर त्याच्या निर्मात्याने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. लावलेली मोकळीक पुन्हापुन्हा कमी होत असेल तर झडपांच्या बैठकी खचत आहेत असे समजावे. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली, आणि शिशाचे जे संरक्षण या बैठकींना मिळत असे तेही गेले. हेड दुरुस्तीस उतरेल तेव्हा कठीण धातूच्या बैठकी बसवून घेण्याची तजवीज करावी.

मोकळीक बिनचूक लावूनही एक सिलिंडर दुबळा राहिला, म्हणून डायल गेज लावून प्रत्येक झडप किती उचलली जाते ते मोजले. दोन झडपांची उचल उरलेल्यांहून स्पष्टपणे कमी भरली. नव्या कॅमशाफ्टचे उंचवटे झिजून गेले होते. या इंजिनात टॅपेट सपाट बुडाचे असतात व ते उंचवट्यावर घासत चालतात. म्हणून नवा कॅमशाफ्ट बसविल्यावर पहिल्यांदा सुरू होताच इंजिन रेंगाळू न देता सुमारे दोन हजार ते अडीच हजार फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवावे लागते, आणि तेलात जस्त व फॉस्फरस यांचे संयुग पुरेसे असावे लागते. आधुनिक गाड्यांच्या तेलात ते उत्प्रेरकाच्या रक्षणासाठी कमी केलेले असते. जुन्या गाड्यांसाठी मुद्दाम बनविलेले 20 डब्ल्यू 50 तेल घ्यावे. माझ्या गाडीचा तो वेगवान कॅमशाफ्ट मी काढून टाकला व मूळच्या मापाचा बसविला. या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच हवेची वाट आहे, मधल्या दोघांना धुराचीही एकच. जेथे श्वासनलिकाच सामायिक तेथे तीव्र कॅमशाफ्टपासून रोजच्या रस्त्यावर मिळणारा लाभ थोडा, आणि रेंगाळत्या इंजिनाचा तक्रारखोरपणा मात्र कायमचा, असे माझे मत आहे. हेड कुशल माणसाकडून साफ करून घेणे व प्रज्वलन बिनचूक लावणे यांतून अधिक मिळते.

सप्टेंबर 2021 पासून इकडच्या साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात व पाझरतात, आणि गरम धुराड्यावर पडणारा थेंब कोणता अनर्थ करील हे सांगावयास नको. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात, किंवा पाच टक्क्यांचे महाग पेट्रोल घ्यावे.

ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही, मात्र गेल्या तीस वर्षांत गाडीत मूलभूत फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. ती सवलत असली तरी मी माझी गाडी दरवर्षी तपासणीस नेतो, कारण परक्या माणसाच्या हाती पाना असताना जे दिसते ते मालकाच्या प्रेमळ नजरेला चुकून सुटू शकते. केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. अपघातानंतर न कळविलेला बदल निघाला तर भरपाई नाकारली जाऊ शकते. माझ्या दप्तरात आता ग्रीसची तारीख, तेलाचा प्रकार, टॅपेटची मोकळीक आणि प्रत्येक टायरचे चार अंक यांची नोंद आहे, आणि येत्या हिवाळ्यात मागचे कमानपाटे उतरवून त्यांच्या बुशांचा निकाल लावावयाचा आहे.