दारचे झाड निवडताना फुलाआधी पान पाहा

मृग नक्षत्र जवळ आले की रोपवाटिकांत गर्दी होते आणि 'गुलमोहर घ्यावा की बहावा' असा प्रश्न घराघरांत निघतो. बहुतेक जण फुलाचा रंग पाहून रोप घेतात. फूल हवेच, पण ते झाडावर थोडे दिवस असते. सावली मात्र आपल्याला मार्चपासून पाऊस पडेपर्यंत हवी असते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. अशा वेळी वृद्ध, तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना उष्णतेचा त्रास सर्वांत आधी होतो. म्हणून दारचे झाड निवडणे ही आरोग्याचीही बाब समजावी.

सावलीने घर कसे निवते?

विटांची भिंत व सिमेंटची गच्ची दिवसभर तापतात आणि रात्री तीच उष्णता घरात सोडतात. शरीराला रात्रीही गारवा मिळाला नाही तर उष्माघाताचा धोका वाढतो. खिडकीला आतून पडदा लावला तरी भिंत तापतेच. झाड मात्र ऊन भिंतीच्या बाहेरच अडवते. शिवाय माठ जसा पाझरून थंड होतो, तसे पानांतून पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते व भोवतालची हवा थोडी निवते.

जागा कोणती?

आपल्याकडे मे-जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेला लावलेल्या झाडाची सावली त्या वेळी त्याच्याच बुंध्याशी पडते. भिंत तापवते ते दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन. उन्हाळ्यात सूर्य मावळतोही पश्चिमेपेक्षा थोडा उत्तरेकडे सरकून. म्हणून पहिले झाड घराच्या पश्चिमेला किंवा वायव्येला लावावे, दुसरे पूर्वेला. मध्यम झाड भिंतीपासून १२ ते १५ फूट व मोठे झाड २० ते २५ फूट दूर असावे. विजेच्या तारा आणि संडासाची टाकी यांच्याजवळ झाड नको. गच्चीवर झाडाची सावली फारशी पोचत नाही. तिला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना द्यावा.

कोणते झाड?

ऐन उन्हाळ्यात पाने अंगावर असतील ते झाड सावलीचे, हा साधा नियम.

करंज : जुनी पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात व एप्रिलपर्यंत चकचकीत हिरवी पालवी येते. फुले फिकट जांभळट. मे महिन्यात सावली दाट. कमी पाण्यावर तग धरते.

कडुनिंब : चैत्रात नवी पालवी आणि बारीक पांढरा सुवासिक मोहर. झाड मोठे होते. मोठे अंगण असेल तरच लावावे.

बकुळ : बाराही महिने हिरवी, फूल लहान पण वास दरवळणारा. वाढ सावकाश, म्हणून धीर हवा.

ताम्हण : आपले राज्यफूल. मे महिन्याच्या सुमारास जांभळ्या फुलांनी भरते. याला पाणी लागते. कोकणात किंवा पाण्याची सोय असेल तेथे चांगले.

बहावा : पिवळे झुंबर फुलते तेव्हा पाने विरळ असतात. शोभेसाठी रस्त्याच्या बाजूला जरूर लावावा. पश्चिमेची भिंत त्याच्यावर सोपवू नये.

गुलमोहर : मूळचा मादागास्करचा. पसारा सुंदर, पण मुळे उथळ व लाकूड ठिसूळ. वळवाच्या वादळात फांद्या मोडतात. घराला लागून नकोच.

घरात दमेकरी असल्यास

रंगीत, ठसठशीत फुलांचे पराग सहसा चिकट असतात व मधमाश्या ते वाहून नेतात. हवेत ते कमी उडतात. खरा त्रास होतो तो वाऱ्यावर उडणाऱ्या परागांचा. विविध गवते, वेडी बाभूळ यांचे पराग असे असतात. गाजर गवताने तर दम्याबरोबर त्वचेचा त्रासही होतो. फुलझाडाला दोष देण्यापूर्वी कुंपणालगतचे गाजर गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे. दमेकऱ्याने स्वतः हे काम करू नये. सप्तपर्णी मात्र झोपण्याच्या खोलीजवळ टाळावी. दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांचा उग्र वास रात्री दूरवर पसरतो आणि अनेकांचे डोके चढते, श्वास जड होतो.

घरात लहान मुले असल्यास

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आणि साधी कण्हेर ही दोन्ही झाडे विषारी आहेत. बिट्टीच्या बिया पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. मुले या बियांनी खेळतात, म्हणून ती अंगणात नसावीत. मुलाने बी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता ते फळ किंवा पान सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. पांढऱ्या चाफ्याचा चीकही डोळ्यांत जाऊ देऊ नये. करंजाच्या बिया खाण्याच्या नाहीत, हेही मुलांना सांगून ठेवावे.

लावताना

दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. पहिला चांगला पाऊस झाला की माती व चांगले कुजलेले शेणखत भरून रोप लावावे, काठीचा आधार द्यावा. बुंध्याभोवती फरशी किंवा सिमेंट करू नये. आळे मोकळे ठेवून त्यात पालापाचोळा पसरावा. आळ्यात पाणी साचून डास होणार नाहीत इतके पाहावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवू नये. स्वयंपाकघरातले भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी यासाठी पुरते.

रोप वाढेपर्यंत उन्हाळ्यातील नेहमीची पथ्ये पाळावीतच. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

शहरी भागात मोठे झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. चुकीच्या जागी लावलेले झाड पुढे घरालाही त्रास आणि झाडालाही. म्हणून रोप आणण्यापूर्वी एक दिवस दुपारी चार वाजता अंगणात उभे राहून कोणती भिंत उन्हात आहे ते पाहावे. तेथे सावली पडेल अशी जागा नक्की करावी, मगच रोपवाटिकेत जावे.