गाठी आणि धागे

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मागांचा खडखडाट दुरूनही ऐकू येतो; परंतु कापडाच्या कामाला मागापूर्वीच आरंभ झालेला असतो. पुष्कळ धागे एकत्र आणून ते बीमवर गुंडाळतात, त्यांना खळ देतात आणि मग ते वही व फणी यांतून ओवून घेतात. हा झाला ताणा. दुसरीकडे सूत कांडीवर भरून ती कांडी धोट्यात बसवितात. हा झाला बाणा. या दोन वाटा मागावर एकत्र येतात, तेव्हा कापड तयार होते.

या कामाचे चित्र काढावयाचे झाल्यास प्रत्येक क्रियेसाठी एक चौकट काढावी आणि तीतून निघालेले सूत जेथे जाते तेथपर्यंत रेघ ओढावी. एवढ्यानेच सारा व्यवहार दृष्टीस पडतो. कापडात उभा दोष दिसला तर प्रथम ताण्याची वाट तपासावी, आडवा दिसला तर बाण्याची.

संगणकाला आज्ञा देण्याचीही अशीच एक रीत आहे. एरवी आज्ञा ओळींनी लिहितात. या रीतीत पडद्यावर चौकटी मांडून त्या रेघांनी जोडतात. चौकटीला आपण गाठ म्हणू आणि रेघेला धागा. १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेत बर्ट सदरलँड यांनी आपल्या प्रबंधात ही रीत मांडली. पुढे १९९० नंतरच्या दशकात मिलर पकेट यांनी संगीतासाठी ‘प्युअर डेटा’ ही आज्ञावली रचली. तीत एक गाठ स्वर निर्माण करते, दुसरी तो मंद करते, तिसरी तो ध्वनिक्षेपकाकडे पाठविते. ध्वनी वाहून नेणारे धागे जाड आणि इतर धागे बारीक असल्यामुळे कोठून काय वाहते हे पाहताच कळते.

अशी आज्ञावली एकटा मनुष्यही रचू शकतो; पण त्याची कसोटी कठीण असते. मदतीला दुसरा कोणी नसतो, आणि सहा महिन्यांनी स्वतःचेच काम त्याला परके वाटू लागते. म्हणून त्याने काही नियम पाळावे. एका गाठीकडे एकच काम द्यावे व तिचे नाव त्या कामावरूनच ठेवावे. अंक, रंग, ध्वनी अशा निरनिराळ्या वस्तूंचे धागे वेगळे ओळखू यावेत. न जुळणारा धागा गाठीने स्वीकारूच नये. हिशोब करणारा भाग आणि चित्र रेखाटणारा भाग परस्परांपासून अलग ठेवावे, म्हणजे एकात बदल केला तरी दुसरा बिघडत नाही.

कामाचा क्रमही ठरलेला असावा. ताणा व बाणा दोन्ही आल्यावाचून माग विणू शकत नाही. त्याचप्रमाणे आवश्यक ते सर्व हाती आल्यावरच गाठीने काम करावे. गाठीतून निघालेला धागा फिरून तिच्याकडेच आला, तर आधी काय करावे हे ठरत नाही. अशी जोडणी आरंभीच नाकारावी. आणि बाण्याचा रंग बदलला म्हणून ताण्याला पुन्हा खळ देत नाहीत. तसेच एखादी गाठ बदलल्यास तिच्या पुढील गाठींचेच काम पुन्हा व्हावे. यात वेळ व श्रम दोन्ही वाचतात.

गाठी शेकड्यांनी वाढल्या की पडद्यावर सुताचा गुंता होतो. तेव्हा संबंधित गाठींची एक जुडी बांधून तिला नाव द्यावे. गुंता वाढल्यावर तो सोडवीत बसण्यापेक्षा तो वेळीच होऊ न देणे हे कुशल विणकराचे लक्षण आहे, आणि कुशल रचनाकाराचेही.

स्वाध्याय
१. ताणा व बाणा कसे तयार होतात?
२. एकट्या रचनाकाराने गाठींना नावे का द्यावी?
३. चहा करण्याच्या कृतीचे चौकटी व रेघा यांनी चित्र काढा.