वाळवण उन्हाचं नव्हे, वाऱ्याचं

सूनबाई, फळाचा गर वाऱ्यानं वाळवायचा, उन्हानं नाही. आपल्या पुलगावात वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवेत ओल म्हणून राहत नाही. अशा हवेत ओसरीतल्या सावलीतही गर सुकतो. कोकणातल्या दमट हवेत ही सोय नाही, तिथल्या बायांनी उन्हामागं धावावं. टिनावर टाकलेलं वाळवण लवकर होतं खरं, पण कस गमावून होतं.

आधी आंबापोळीचं ऐक. गावरान आंब्याचा रस गाळून एकदा चांगला गरम कर, पण आटवत बसू नको. त्या चटक्यानं रस काळवंडवणारी विकरं मरतात. स्टीलच्या ताटाला तूप पुसून अगदी पातळ थर दे. जाड दिलास तर वरून साय धरते, आत ओल राहते आणि आंबते. बोटाला चिकटेनासा झाला की मगच दुसरा थर. वरून मलमल टाक, माशांसाठी आणि उजेडासाठीही. आंब्याचा केशरी रंग कॅरोटीनचा, त्याचंच अंगात अ जीवनसत्त्व होतं. कडक उजेड आणि हवा मिळून ते खाऊन टाकतात.

आवळा थंडीतला. तो कच्चा चिरायचा नाही, चाळणीत वाफवायचा, पाकळ्या सुटेपर्यंतच. पाण्यात उकळलास तर क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, आणि ते पाणी तू मोरीत ओतशील! लोखंडी विळ्यानं आवळा काळा पडतो. तांब्याच्या भांड्यात तर क जीवनसत्त्व झपाट्यानं नासतं. कितीही जपलं तरी वाळताना ते बरंच उणं होतं, लोकांना उगाच फुगवून सांगू नको. तुरट अंश मात्र चिवट, आवळासुपारी वर्षभरानंही तोंड आवळते. ती बाजारच्यासारखी चकचकीत झाली नाही म्हणून हिरमुसू नको.

वर्ध्याला १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, त्यांचा हातसडीच्या तांदळाचा आग्रह याचसाठी होता. जिनसेवर जितका कमी मारा, तितका कस जास्त.

जांभळाला मात्र सावलीत वाळवायचा नियम मोड. ते पिकतं मृगाच्या तोंडावर, हवा दमट झालेली असते. सावलीत ठेवलंस तर तिसऱ्या दिवशी बुरशी. जांभळा रंगच त्यातला गुण, आणि तो रेंगाळत वाळण्यानंही जातो, जास्त आचेनंही. म्हणून गर पातळ पसरून पंख्याखाली ठेव, नाहीतर सौर वाळवणी यंत्रात साठ अंशांच्या आत आटोप.

झालं की लगेच डब्यात कोंबू नको. पूर्ण गार होऊ दे. काचेच्या बरणीत अर्धीच भर, झाकण लाव, आठवडाभर रोज हलवून बघ. काचेला आतून बाष्प धरलं तर सगळं परत ताटात. कोरडं निघालं तर बरणी फडताळात, अंधारात. खिडकीशी ठेवायची नाही, पाहुण्यांना दाखवायची असली तरी.