घरचा पिझ्झा : चीज कोणते घालावे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात बेकरीतून तयार बेस आणून घरी पिझ्झा करणे आता नवलाचे राहिलेले नाही. रक्तदाबाचे रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, घरचाच आहे, मग चालेल ना?" मी म्हणतो, वर चीज कोणते आणि किती, ते आधी सांगा.

मोझरेला : दुधाचा साका गरम पाण्यात ताणून हे करतात, म्हणून वितळल्यावर तार सुटते. प्रोसेस्ड चीजपेक्षा यात मीठ बहुधा कमी असते.

प्रोसेस्ड चीज (क्यूब, स्लाइस) : यात मिठाखेरीज सोडियमयुक्त क्षारही मिसळलेले असतात. रक्तदाब असणाऱ्यांनी चवीपुरतेच घ्यावे.

पनीर : हे वितळत नाही, पण मीठ नाममात्र असते आणि प्रथिने भरपूर मिळतात.

अ‍ॅनालॉग : यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी बहुधा वनस्पती तेल असते. स्वस्त मिळते म्हणून चीज समजून घेऊ नये, वेष्टन वाचावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. वेष्टनावरील सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. म्हणजे 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. बेस व सॉसमध्येही मीठ असते, हे विसरू नये.

माझा सल्ला असा : दोन भाग किसलेले मोझरेला, एक भाग कुस्करलेले पनीर, वर कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची भरपूर. वरून मीठ मात्र घालू नये. मुलांना तार मिळते आणि आजोबांनाही एखादा तुकडा खाता येतो.